अनुदानाच्या ग्रास कटरसोबत पेट्रोलची माहितीही द्या

महोदय,
पावसानं जरा उघडीप दिली की आंबा-काजूच्या बागांत बेणणीची (वाढलेलं गवत-झुडपं कापण्याची) घाई होते आणि माझ्या दुकानात ग्रास कटर यायला लागतात. तक्रार एकच: ‘दोरी ओढून ओढून हात गेला, पण स्टार्ट होत नाही.’ बरेच जण नवा कार्बोरेटर घालायच्या तयारीनंच आलेले असतात. मी म्हणतो, थांबा, आधी टाकीतलं पेट्रोल बघू.

गेल्या हंगामातलं उरलेलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून ठेवलं की पुष्कळदा दोन थर दिसतात. वर टू-टी ऑइलच्या (टू-स्ट्रोक इंजिनसाठी पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑइलच्या) रंगाचं पेट्रोल आणि खाली बिनरंगी पाण्यासारखं काही. ते नुसतं पाणी नसतं, त्यात इथेनॉल असतं. 2022 मध्ये आपल्या पेट्रोलमधलं इथेनॉल 10 टक्क्यांवर पोचलं, 2025 मध्ये ते 20 टक्के झालं. इथेनॉल ओलावा ओढून घेतं, आणि कोकणच्या पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या टाकीला ओलाव्याची काय कमी! पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल त्याच्यासकट तळाला बसतं. टाकीतली नळी पेट्रोल ओढते तीही तळातूनच. मग प्लगला ठिणगी चांगली असली तरी इंजिन पकडत नाही.

कधी पकडलंच, तर जास्त नुकसान. टू-स्ट्रोक इंजिनला वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलमधूनच, आणि खालच्या थरात ऑइल जवळपास नसतंच. पिस्टन जॅम झाला की खर्च कार्बोरेटरवर थांबत नाही. बागायतदाराची ऐन बेणणी बुडते, गडी रिकामे बसतात, ते वेगळंच.

इथेनॉलला माझा विरोध नाही. ऊसवाल्यांना त्यातून चार पैसे मिळत असतील तर चांगलंच आहे. पण अनुदानावर यंत्र घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याला हे कुणीतरी सांगायला हवं. सोबतची पुस्तिका बहुतेकदा इंग्रजीत असते, ती पिशवीतून बाहेरच येत नाही.

कृषी विभागाला विनंती आहे की, यंत्रं देताना तालुक्याच्या ठिकाणी तासभर प्रात्यक्षिक ठेवावं. ऑइल किती घालायचं ते त्या यंत्राच्या मापानं दाखवावं. 50 ला 1 असेल तर लिटरला 20 मिली. मिश्रण लागेल तेवढंच करायचं. हंगाम संपला की टाकी रिकामी करायची आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे कार्बोरेटरमध्येही काही उरत नाही. प्लग काढून बघायलाही शिकवावं: कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही, ओला असेल तर प्लग पुसून, चोक न लावता पुन्हा दोरी ओढायची. एवढं मराठीत एका कागदावर छापून प्रत्येक यंत्राच्या खोक्यात घातलं तरी पुष्कळ यंत्रं माझ्या दुकानापर्यंत येणारच नाहीत, आणि मला ते चालेल.

– एक ग्रास कटर दुरुस्ती कारागीर, देवरुख (जि. रत्नागिरी)