नोकरी गेल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांविषयी : कामगार मंत्र्यांना खुले पत्र

मा. कामगार मंत्री महोदय,

सादर नमस्कार.

एखाद्याची नोकरी गेली की त्याचे नेमके काय गेले, हे शासनदरबारी एकाच रकान्यात मांडले जाते आणि तो रकाना पैशांचा असतो. थकीत वेतन, शिल्लक रजेचे पैसे, भरपाई, असलाच तर बेकारी भत्ता. हे सगळे आधी आणि वेळेवर मिळालेच पाहिजे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु या रकान्याबाहेरचे जे नुकसान होते, त्याची जबाबदारी आज कोणाचीच नाही, आणि ती काही अंशी तरी आपल्या खात्याची असली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. अनेक वर्षे हिशेब विभागात काम केल्यावर माझे पद रद्द झाले. त्या काळात आणि त्यानंतर माझ्यासारख्याच कारणाने घरी बसलेल्या बऱ्याच जणांशी बोलणे झाले. पुढे मला दुसरे काम मिळाले, त्यामुळे या पत्राला कृपया मदतीचा अर्ज समजू नये.

काम सुटल्यावरचे पहिले काही दिवस अनेकांना बरे जातात, ही गोष्ट बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. कागदपत्रे गोळा करायची असतात, बायोडेटा नव्याने लिहायचा असतो, जुन्या सहकाऱ्यांचे फोन येत असतात आणि ‘बघ, याने किती धीराने घेतले’ असे कौतुकही होत असते. खरा उतार लागतो तो फोन थांबल्यावर. ‘आम्ही कळवू’ असे म्हणणाऱ्यांपैकी कोणी कळवत नाही. सकाळची अंघोळ दुपारवर जाते. तासाभरात उरकणारे बँकेचे काम संपूर्ण दिवसाचे काम म्हणून राखून ठेवले जाते. भेटलेल्या माणसाने ‘सध्या कुठे?’ असे सहज विचारले तरी उत्तर जुळवावे लागते, आणि ते जुळवणे टाळायचे म्हणून मग माणसांनाच टाळणे सुरू होते. हा सगळा बदल इतका सावकाश होतो की घरच्यांना तो आळस वाटतो आणि त्या माणसाला स्वतःलाही बहुधा तसाच वाटतो.

तो आळस नव्हे, हे जवळजवळ शतकभरापूर्वी नोंदले गेले आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल या गावातला कापडाचा कारखाना जागतिक मंदीच्या सुरुवातीला बंद पडला आणि बहुतेक गाव एकाच वेळी बेकार झाले. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायसेल या अभ्यासकांनी तिथे जाऊन लोकांचे दिवस कसे जातात याची बारीक नोंद केली आणि ती १९३३ मध्ये प्रसिद्ध केली. वेळ मुबलक झाला म्हणून लोक अधिक वाचू लागतील, अशी कोणाचीही समजूत झाली असती. प्रत्यक्षात गावच्या वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. रस्त्यावरून चालणाऱ्या पुरुषांचा वेग मंदावला, बहुतेकांनी घड्याळ बाळगणेही सोडून दिले. बायका मात्र तुलनेने वेगाने चालत होत्या, कारण घरकामाने त्यांचा दिवस बांधलेला होता. (यावरून स्त्रियांना नोकरी गेल्याचे दुःख कमी होते असा अर्थ कोणी काढू नये. ‘बरे झाले, आता घराकडे लक्ष देता येईल’ असे ऐकून घ्यावे लागलेल्या कोणत्याही स्त्रीला विचारावे.) याहोदांनी पुढे या निरीक्षणांची मांडणी अशी केली की पगाराखेरीज नोकरी आणखी पाच गोष्टी पुरवते: दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, चारचौघांबरोबर काही साधण्याचा हेतू, समाजात एक ओळख आणि हातपाय हलते ठेवणारी सक्ती. नोकरी जाते तेव्हा या पाचही गोष्टी एका दिवसात जातात, आणि भरपाई कितीही मिळाली तरी त्यांतली एकही बाजारातून आणता येत नाही.

आकड्यांशिवाय शासनाचे काम पुढे सरकत नाही, म्हणून दोन आकडे देतो. कार्स्टन पॉल आणि क्लाउस मोझर यांनी २००९ मध्ये शेकडो अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला; त्यानुसार नोकरीत असलेल्यांपैकी सुमारे १६ टक्के लोकांना मानसिक त्रास असल्याचे आढळते, तर बेकारांमध्ये हे प्रमाण ३४ टक्के, म्हणजे दुपटीहून अधिक आहे. मुळात खचलेलीच माणसे नोकरी गमावतात, असा युक्तिवाद कोणी करील; परंतु त्याच माणसांची नोकरी जाण्याआधी आणि नंतर पाहणी केलेल्या अभ्यासांतूनही नोकरी जाणे हे केवळ लक्षण नसून कारणही आहे, असेच दिसते. याच आढाव्यातली आणखी एक गोष्ट मंत्र्यांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. जिथे बेकारांना संरक्षण तोकडे आणि उत्पन्नातील विषमता मोठी, तिथे हा त्रास अधिक तीव्र आढळला. तेव्हा मनाला उभारी देण्याच्या गोष्टी आर्थिक आधाराच्या जागी पुढे करण्याचा मोह आपल्या खात्याला झाला, तर या पत्राचा हवाला कृपया त्यासाठी देऊ नये.

आता लाजेविषयी, कारण माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान तीच करते. नोकरी गेलेला माणूस दुःखापेक्षा लाज अधिक लपवतो. अर्थशास्त्रज्ञ अँड्र्यू क्लार्क यांनी ब्रिटनमधील माहितीवरून दाखवले आहे की ज्या भागात बेकारी जास्त, तिथे बेकार माणसाला तुलनेने कमी हीन वाटते. या निष्कर्षात समाधान मानण्यासारखे काही नाही, पण त्यातून एक गोष्ट उघड होते. या वेदनेचा मोठा वाटा ‘फक्त माझ्यावरच ही पाळी आली’ या समजुतीतून येतो, आणि ही समजूत मोडायला दुसऱ्या चार नोकरी गेलेल्या माणसांची सोबत पुरते. एकेकट्याला रोजगार कार्यालयाच्या खिडकीसमोर उभे करणारी आपली सध्याची पद्धत नेमके उलटे करते. मी नोंदणीसाठी एका कार्यालयात गेलो तेव्हा खिडकीमागच्या कर्मचाऱ्याने, मागे पंधरा-वीस माणसे उभी असताना, ‘राजीनामा दिला की काढून टाकले?’ असा प्रश्न सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारला. त्याच्या मनात काही वाईट नव्हते; त्याच्या अर्जात तसे दोनच चौकोन होते आणि त्यातल्या एकावर त्याला खूण करायची होती. पद रद्द होणे, कंपनी बंद पडणे, कंत्राटाची मुदत संपणे यांतले काहीच त्या दोन चौकोनांत बसत नव्हते. माझ्यामागे उभी असलेली एक मुलगी ते ऐकून रांगेतून निघून गेली.

हा अपमान बहुतेक वेळा त्याआधीच, कामाच्या ठिकाणी सुरू झालेला असतो. दहा मिनिटांच्या बैठकीत निर्णय सांगितला जातो, कारण म्हणून ‘पुनर्रचना’ एवढा एकच शब्द मिळतो, आणि जागेवर परत येईपर्यंत संगणकाचा पासवर्ड बंद झालेला असतो, अर्धवट लिहिलेले पत्र पडद्यावर तसेच राहते. कारण स्पष्ट कळले नाही की माणूस ते स्वतःत शोधू लागतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८२ च्या १५८ क्रमांकाच्या करारात नोकरी संपवण्यास वैध कारण असावे, वागणुकीचा किंवा कामाचा ठपका असेल तर बाजू मांडण्याची संधी मिळावी आणि वाजवी मुदतीची पूर्वसूचना असावी, हे सारे लिहून ठेवलेले आहे. कायद्याच्या दृष्टीने ही तरतूद वादविवाद टाळण्यासाठी असेल. माणसाच्या दृष्टीने कारण स्पष्ट लिहिलेले पत्र हा ‘पद गेले, माझी लायकी गेली नाही’ असे लेखी सांगणारा एकमेव कागद असतो. पुढच्या मुलाखतीत तो दाखवता येतो, आणि घरीही.

रागाचे काय करावे, यावर एक अभ्यास आहे आणि त्याचा खर्च जवळजवळ शून्य आहे. जेम्स पेनबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात अनेक वर्षांच्या नोकरीनंतर कपात झालेले लोक होते. त्यांच्यातल्या एका गटाला नोकरी गेल्याबद्दल मनात जे काही येते ते सलग काही दिवस, रोज थोडा वेळ लिहायला सांगितले; दुसऱ्या गटाला रोजच्या कामांचे नियोजन लिहायला सांगितले. काही महिन्यांनी पाहिले तेव्हा मन मोकळे करणाऱ्या गटातील अधिक लोकांना नोकरी मिळालेली होती. त्यांनी अर्ज मात्र इतरांपेक्षा जास्त केले नव्हते. लेखकांचा कयास असा की मनातला राग आधीच कागदावर उतरल्यामुळे तो मुलाखतीत बाहेर पडला नाही. प्रयोग लहान होता, त्यावर धोरण उभे करावे असे मी म्हणणार नाही. परंतु जुन्या मालकाबद्दल कडवट बोलून हातची संधी घालवलेली माणसे मी पाहिली आहेत, म्हणून तो मला पटतो.

यापेक्षा पुष्कळ भक्कम पुरावा असलेली गोष्ट अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात उभी केली. नुकतीच नोकरी गेलेल्या माणसांचा छोटा गट, त्यांच्याबरोबर दोन प्रशिक्षक, आणि आठवडाभरातली अर्ध्या-अर्ध्या दिवसाची पाच सत्रे, एवढेच तिचे स्वरूप. भाषणे जवळजवळ नसतात. नोकरी शोधण्याचा सराव लोक एकमेकांसमोर करतात, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नकाराची तयारी आधीच करून घेतली जाते. दहा ठिकाणांहून काहीच उत्तर आले नाही तर अकराव्या दिवशी सकाळी मी काय करणार, हे प्रत्येकाने आधीच ठरवायचे असते. लस टोचावी तसा हा प्रकार आहे. भाग घेतलेल्यांना काम लवकर आणि तुलनेने चांगले मिळाले, अडीच वर्षांनंतरही त्यांचा लाभ टिकून होता, आणि ज्यांना नैराश्याचा धोका सुरुवातीलाच अधिक होता त्यांना फायदा सर्वाधिक झाला. फिनलंडने हीच पद्धत आपल्या रोजगार सेवांमधून राबवून पाहिली. त्याच देशात २००५ पासून कपात होणाऱ्या कर्मचाऱ्याला नोटिशीच्या मुदतीतच नवे काम शोधण्यासाठी पगारी रजा मिळण्याची तरतूद आहे, आणि मला ती गटसत्रांइतकीच महत्त्वाची वाटते. पहिला संपर्क नोकरी असतानाच झाला, तर माणूस तिथे उमेदवार म्हणून जातो. तीन महिन्यांनी गेला तर याचक म्हणून.

याउलट ‘संकटातली संधी’ या विषयावर वक्ते बोलावून भरवले जाणारे मेळावे कृपया कमी करावेत. ज्याची नोकरी मालकाच्या ताळेबंदामुळे गेली, त्याला दृष्टिकोन बदलायला सांगणे म्हणजे जखमेबद्दल त्यालाच जबाबदार धरणे होय. अशा सभेतून माणूस टाळ्या वाजवून बाहेर पडतो आणि घरी जाऊन आणखी गप्प होतो. ज्यांची झोप, भूक आठवडेच्या आठवडे गेलेली आहे किंवा ज्यांच्या मनात जगण्याबद्दलच शंका येऊ लागली आहे, त्यांना ना मेळावा पुरेल ना गटसत्र. त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवण्याची व्यवस्था हवी, आणि हे ओळखण्याचे प्रशिक्षण खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला द्यायला हवे. अनेकदा त्या आठवड्यात अशा माणसाशी बोललेला घराबाहेरचा तो कर्मचारी हाच एक माणूस असतो.

नवे काम मिळाले की प्रश्न संपला, असे समजून आपले खाते फाइल बंद करते. जर्मनीतील हजारो लोकांच्या पंधरा वर्षांच्या माहितीवरून रिचर्ड लुकास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले की पुन्हा नोकरी लागल्यावरही लोकांचे आयुष्याबद्दलचे समाधान सरासरीने पूर्वीच्या पातळीवर परत येत नाही. मला स्वतःला याचे नवल वाटले नाही. वरिष्ठांनी ‘पाच मिनिटे येऊन जा’ असे म्हटले की अजूनही आधी पोटात गोळा येतो आणि मग मी उठतो.

तेव्हा माझी विनंती अशी आहे. कपातीच्या प्रत्येक नोटिशीबरोबर कारणाचा स्पष्ट उल्लेख असलेले पत्र देणे आणि त्या मुदतीत नोंदणीसाठी व गटसत्रांसाठी पगारी वेळ देणे मालकांवर बंधनकारक करावे. पाच सत्रांचा कार्यक्रम आधी मोजक्या रोजगार कार्यालयांत सुरू करावा, त्यातील एक सत्र घरच्यांसाठी खुले ठेवावे, आणि किती जणांना नोकरी लागली एवढेच न मोजता सहा महिन्यांनी ती माणसे कशी आहेत हेही विचारावे. नोंदणी बंद दाराआड व्हावी. आणि अर्जावरच्या त्या दोन चौकोनांत तिसऱ्याची भर घालण्यासाठी तर नवा कायदाही लागणार नाही. आपल्या खात्याचे एक परिपत्रक पुरेल, ते या महिन्यातच निघावे.

कळावे,

आपला विश्वासू,
पद रद्द झालेला एक हिशेबनीस