स्मृतिभ्रंश झालेल्यांची तक्रार कोण करणार?

मा. संपादक,
स. न.

पेन्शनच्या काउंटरवर नोकरी झालेल्या माणसाला नोव्हेंबर महिना वेगळाच दिसतो. हयातीच्या दाखल्यासाठी म्हातारी माणसे येतात, काही आणली जातात. आपण कुठे आलो आहोत हे ज्यांना सांगता येत नाही, त्यांचा अंगठा मुलगा किंवा पुतण्या धरून टेकवतो आणि त्याच फेरीत पैसे काढायच्या स्लिपवरही उमटवून घेतो. कागद पुरे असले की कारकून पुढच्याला हाक मारतो. ते पैसे आजोबांच्या औषधाला जाणार की नातवाच्या मोटारसायकलच्या हप्त्याला, हे कुणी विचारत नाही.

पैशाची निदान पासबुकात नोंद राहते. घरातल्या छळाची तीही नाही. म्हातारा भटकतो म्हणून बाहेरून कडी घालून सगळे कामाला जातात, तेही सोलापूरच्या मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत. कुणाला खाटेला बांधतात, कुणी अंथरूण ओले करते म्हणून पाणीच कमी देतात, कुणाला झोपेच्या गोळ्यांवर गप्प ठेवतात. आजी "मला मारतात" म्हणाल्या तरी शेजारी म्हणणार, "सोडा ओ, परवा सुनेनं पाटल्या चोरल्या म्हणत होत्या, पाटल्या उशीखालीच निघाल्या." ही अडचण खरी आहे, कारण चोरीचा संशय येणे हा या आजाराचाच भाग असतो. म्हणून त्यांचे बोलणे बाजूला ठेवा हवे तर, पण मनगटावरचे वळ, पाठीला पडलेल्या जखमा, भराभर उतरलेले वजन, एकच ठरावीक माणूस जवळ आला की अंग चोरणे, एवढे तरी बघा.

सगळे खापर सुनेवर फोडायला मात्र मी तयार नाही. आपल्या पूर्व भागात घरोघरी विड्या वळतात आणि मजुरी हजार विड्यांवर ठरते. सूप मांडीवर घेऊन बसलेली बाई सासूमागे दहादा उठली की तेवढी मजुरी बुडते, आणि रात्री सासू झोपू देत नाही ते वेगळेच. पुण्याला गेलेले दीर फोनवरून सूचना देतात. अशा बाईचा हात एखाद्या दिवशी उठला, तर तो गैरच. पण तिला दिवसाचे चार तास मोकळे मिळाले, तर तो उठण्याची शक्यता कमी होईल. महापालिकेने एकदोन समाजमंदिरांत अशा रुग्णांना दिवसा सांभाळण्याची सोय करून बघावी.

कायद्याचे म्हणाल, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडील न्यायाधिकरणात करायचा. स्वतःला जमत नसेल तर आपण अधिकार दिलेल्या माणसाकडून. आता ज्याला मुलाचे नाव आठवत नाही, तो अधिकारपत्र कसले देणार? पण त्याच कायद्यात न्यायाधिकरणाला स्वतःहून दखल घेण्याचीही मुभा आहे, तिचा वापर व्हावा. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा याहून पुढे जातो. मानसिक आजार असलेल्या माणसाला सांभाळणारेच त्याची हेळसांड करत असतील, तर ज्याला ते कळले त्याने पोलीस ठाण्यात सांगायचे आहे आणि ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांना कळवायचे आहे. आजाराची त्या कायद्यातली व्याख्या स्मरणशक्तीच्या गंभीर बिघाडालाही लागू पडते. साखळीने बांधण्याला तर त्याने सरळ बंदीच घातली आहे. तरीही असे कुणी सांगायला गेले की "घरचा मामला आहे, मिटवून घ्या" हे उत्तर ठरलेले. पोलीस आयुक्तांनी हे कलम प्रत्येक ठाण्याला लेखी कळवावे, आणि अंगठा घेण्याआधी खातेदाराशी दोन मिनिटे एकट्याने बोलण्याची सक्ती बँकांनी स्वतःवर करून घ्यावी.

ज्यांना ठाण्याची पायरी चढायची नाही, त्यांच्यासाठी ज्येष्ठांची 14567 ही मोफत हेल्पलाइन आहे. तिथे शेजाऱ्यालाही फोन करता येतो.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सोलापूर