कोंडलेली आग

नॅशुआ, न्यू हॅम्पशायर
१४ सप्टेंबर

चि. सोनूस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेली नव्या घराची छायाचित्रे आम्ही दोघांनी जेवण अर्धवट ठेवून पाहिली. आधीच्या मालकाने कोठारात सोडून दिलेला बिडाचा जुना स्टोव्ह बैठकीत आणून विटांच्या चिमणीला जोडावा आणि दिवाळीच्या आत त्यात पहिला जाळ करावा, असा तुझा बेत आहे. तो वाचून तुझी आई म्हणाली, "तिला फोन करा." पण फोनवर मी अर्धे विसरतो आणि उरलेल्या अर्ध्यावर तू 'हो बाबा, हो बाबा' म्हणतेस, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते सावकाश वाच आणि घरात कुठेतरी जपून ठेव.

पहिली गोष्ट त्या स्टोव्हची. छायाचित्रात त्याची मागची बाजू दिसते आणि तिथे धातूची पट्टी नाही. चाचणी झालेल्या प्रत्येक स्टोव्हवर अशी पट्टी असते आणि तो भिंतीपासून किती अंतरावर ठेवायचा हे तिच्यावर लिहिलेले असते. आपल्याकडे अमेरिकेत लाकडाच्या स्टोव्हमधून निघणाऱ्या धुरावर केंद्र सरकारचा नियम १९८८ मध्ये आला आणि मे २०२० पासून तो फार कडक झाला आहे. आता नव्या स्टोव्हमधून ताशी जेमतेम दोन-अडीच ग्रॅम धूळकण बाहेर पडलेले चालतात. तुझ्या कोठारातला स्टोव्ह या सगळ्याच्या आधीचा दिसतो. त्याच्या दाराच्या कडेची, फट बंद करणारी दोरी गेलेली आहे आणि एका बाजूला मला तडा वाटतो. तो अंगणात ठेवून त्यात झेंडू लाव, पण पेटवू नकोस. नवा घेताना दुकानदार मोठा घ्यायला सांगेल, त्याचे ऐकू नकोस. मोठ्या स्टोव्हने खोली तापून नकोशी होते, मग माणूस हवेचा खटका लावून आग कोंडतो, आणि त्यात काय होते ते मी पुढे सांगणार आहे.

स्टोव्हच्याही आधी चिमणी. तळघराच्या छायाचित्रात घर तापवणाऱ्या तुझ्या तेलाच्या फर्नेसचा पाइप त्याच विटांच्या चिमणीत शिरलेला दिसतो. चिमणीत एकच नळी असेल तर स्टोव्ह तिला जोडता येणार नाही, कारण दोन वेगवेगळ्या इंधनांचा धूर एकाच नळीतून काढायचा नसतो. त्यासाठी एक तर वेगळी नळी हवी किंवा स्टोव्हसाठी बाहेरच्या भिंतीलगत स्टीलची दुहेरी, मध्ये उष्णतारोधक भरलेली चिमणी उभी करायला हवी. जाणत्या चिमणीवाल्याला बोलाव आणि त्याला आत कॅमेरा सोडायला सांग. शंभर वर्षांच्या चिमणीतल्या मातीच्या नळ्या कुठे निखळल्या आहेत, विटांमधला चुना कुठे गळला आहे, हे खालून विजेरी मारून कळत नाही. तशी चिमणी वापरायचीच झाली तर तिच्यात वरपासून खालपर्यंत स्टोव्हच्या तोंडाच्या मापाचे स्टेनलेस स्टीलचे लायनर, म्हणजे आतली नळी, सोडावे लागते. त्याचा खर्च बहुधा स्टोव्हइतकाच येईल आणि तुला तो जड वाटेल, पण पैसे वाचवायचे असतील तर ते दुसरीकडे कुठेतरी वाचव. काम सुरू करण्यापूर्वी गावाच्या कचेरीत परवान्याची चौकशी कर आणि विमा कंपनीला लेखी कळव.

छपरावर चिमणी किती वर जावी याचा हिशेब सोपा आहे: ती छपरातून जिथे बाहेर पडते तिथून किमान ३ फूट उंच, आणि भोवतीच्या १० फुटांत जे काही असेल त्यापेक्षा किमान २ फूट उंच. यापेक्षा बुटकी ठेवली तर वारा फिरला की धूर घरात उलटतो.

भिंतीच्या अंतराबद्दल मात्र मी थोडा रेंगाळणार आहे, कारण शिकलेली माणसे इथेच फसतात. ज्या स्टोव्हवर पट्टी नाही त्याला ज्वलनशील भिंतीपासून सर्व बाजूंनी ३६ इंच मोकळे ठेवावे लागतात. पट्टी असलेल्याला तिच्यावर लिहिले असेल तेवढे. पुष्कळ लोक भिंतीवर फरशा किंवा विटा चिकटवतात आणि स्टोव्ह जवळ सरकवतात. त्याने काहीच साधत नाही, कारण फरशी तापते आणि ती उष्णता मागच्या लाकडी चौकटीला देते. अंतर कमी करायचे असेल तर धातूचा किंवा सिमेंटचा पत्रा भिंतीपासून एक इंच सुटा बसवावा लागतो आणि खाली-वर हवेला वाट ठेवावी लागते. वर्षानुवर्षे तापत राहिलेले लाकूड आतून कोळशासारखे होत जाते आणि नव्या लाकडापेक्षा कमी उष्णतेला पेट घेऊ शकते. म्हणून 'दहा हिवाळे काही झाले नाही' हा कोणाचाही दाखला मानू नकोस. स्टोव्ह भरात असताना मागच्या भिंतीला तळहात लाव. हात ठेवून राहता आले नाही तर अंतर चुकले आहे. दारासमोरच्या जमिनीवरही १८ इंचांपर्यंत न जळणारी फरशी हवी, कारण दार उघडताच एखादा निखारा टुणकन बाहेर येतोच.

स्टोव्हपासून चिमणीपर्यंतच्या काळ्या पाइपाचे तुकडे एकमेकांत बसवताना चुणीदार, निमुळते टोक स्टोव्हच्या दिशेला, म्हणजे खाली, यायला हवे. बघायला ते उलटे वाटते. पण धुरातला ओला चिकटा पाइपात थिजून खाली ओघळतो, आणि सांधा असा असेल तरच तो पाइपाच्या आत राहून पुन्हा आगीत जातो, नाहीतर बाहेरून काळे ओघळ येतात. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू लाव.

आता जळण. तुला आठवत नसेल, पण साताऱ्याच्या घरी तुझी पणजी वैशाखातच वर्षाचे सरपण पडवीत रचून घ्यायची आणि मृगाच्या आधी वरून पोती टाकायची. जूनमध्ये आणलेले लाकूड ती चुलीजवळ येऊ देत नसे. "त्याला रडायचंय अजून," असे म्हणायची, आणि खरोखरच ओल्या लाकडाच्या टोकाला फेस येऊन ते सूं सूं करत असे. इथेही तेच आहे, फक्त पावसाऐवजी बर्फ आहे. फोडलेल्या मेपलला किंवा बर्चला एक पूर्ण उन्हाळा लागतो, ओकला दोन. सप्टेंबरात फोन करून मागवलेले सरपण विकणारा 'सुकलेले' म्हणून देतो. तू वीस-पंचवीस डॉलरचा ओलावा मोजण्याचा काटा घे, त्याच्यासमोर एक ओंडका फोडायला लाव आणि ताज्या फोडलेल्या पृष्ठभागात सुया टोच. बाहेरच्या अंगाला टोचलीस तर काटा खोटे सांगेल. ओलावा २० टक्क्यांपेक्षा जास्त आला तर ते लाकूड पुढच्या वर्षासाठी रच आणि या वर्षी भट्टीत सुकवलेले घे. सरपण इथे कॉर्डच्या मापाने घेतात: एक कॉर्ड म्हणजे ४ फूट उंच, ४ फूट रुंद, ८ फूट लांब रास, म्हणजे १२८ घनफूट. ट्रकवाल्याची 'भरलेली गाडी' हे माप नव्हे.

आपल्या अंगणात पडलेल्या ॲशच्या झाडाचे लाकूड मी तुला आणून दिले असते. परंतु ॲश पोखरणारा हिरवा भुंगा आमच्याकडे २०१३ मध्ये सापडला आणि तुमच्याकडे २०१८ मध्ये. बाहेरच्या राज्यातले प्रक्रिया न केलेले सरपण व्हर्मॉन्टमध्ये आणण्यास मनाई आहे. तेव्हा ते लाकूड इथेच जळेल. रंगवलेले लाकूड, प्लायवूड, कुंपणाचे औषध मारलेले खांब आणि दिवाळीच्या खोक्यांचा चकचकीत कागद यांतले काहीही आत घालू नकोस. ओंडक्याला गुंडाळलेला विषारी आयव्हीचा वेल तर मुळीच नको, कारण त्याचा धूर फुप्फुसात जातो.

पेटवताना आपल्या हाताला चुलीची सवय असते आणि तीच इथे आड येते. चुलीत आपण खाली काटक्या आणि वर लाकूड रचतो. स्टोव्हमध्ये मोठे ओंडके तळाला, त्यांवर मध्यम, त्यांवर ढलप्या आणि अगदी माथ्यावर साध्या वर्तमानपत्राचे बोळे रच आणि वरून काडी लाव. त्याने धूर कमी होतो आणि चिमणी लवकर तापते. चिमणी बर्फासारखी थंड असेल तर आधी एक पेटता बोळा वर धर, म्हणजे तिला ओढ लागेल. हवेचे खटके पूर्ण उघडे ठेव. पेट्रोल, रॉकेल, काहीही ओतू नकोस. आणि चुलीत आच जास्त झाली की पणजी लाकूड मागे ओढायची, तसे इथे करता येत नाही. आत गेलेले लाकूड आतच जळणार, म्हणून आधीच बेताने घाल.

हवेबद्दल जे सांगायचे ते आमच्याच चुकीतून सांगतो. तू दोन वर्षांची होतीस. जानेवारीतली रात्र होती आणि बाहेर तापमान शून्याच्या बरेच खाली होते. सकाळपर्यंत विस्तव टिकावा म्हणून मी रोज रात्री स्टोव्ह गच्च भरून हवा जवळपास बंद करत असे, आणि काचेआड लाल मंद धग पाहून मला ते शहाणपणाचे वाटायचे: छोटी आग, कमी धोका. प्रत्यक्षात कोंडलेल्या आगीचा धूर जळत नाही, तो थंड नळीला डांबरासारखा चिकटतो, आणि दोन महिन्यांत आमच्या चिमणीला आतून काळा, काचेसारखा चकचकीत थर चढला होता. त्याला इथे क्रिओसोट म्हणतात. त्या रात्री एक वाजता मला वाटले, तळघरात कोणी पिठाची गिरणी सुरू केली आहे. घरघर वाढत गेली, पाइप थरथरू लागला आणि कोपऱ्यापाशी त्याचा रंग गाजरासारखा झाला. आईने तुला रजईसकट उचलले आणि गाडीत नेऊन बसवले. मी दार घट्ट लावून हवेचे सगळे खटके बंद केले आणि बाहेर येऊन ९११ ला फोन केला. बंब आला तेव्हा चिमणीच्या तोंडातून ठिणग्यांचे कारंजे उडत होते. घर वाचले, मातीची नळी मात्र वरपासून खालपर्यंत उभी चिरली होती आणि आम्ही त्या हिवाळ्यात ती चिमणी पुन्हा वापरली नाही.

असा आवाज तुला कधी आला तर स्टोव्हमध्ये पाणी ओतू नकोस, दार उघडून पाहू नकोस. हवा बंद कर, सगळ्यांना बाहेर काढ, बाहेरून फोन कर. आग विझल्यावरही तपासणी झाल्याशिवाय पुन्हा काडी लावू नकोस.

म्हणून माझा आग्रह आहे की आग लहान ठेवायची तर लाकूड कमी घाल, हवा कोंडू नकोस. नवे ओंडके घातले की पंधरा-वीस मिनिटे पूर्ण हवेवर नीट धडधडू दे आणि मग टप्प्याटप्प्याने हवा कमी कर. पाइपावर स्टोव्हपासून दीड फुटावर चुंबकाचा तापमापक लाव. साध्या एकपदरी पाइपावर तो साधारण २५० आणि ४७५ अंश फॅरनहाइटच्या दरम्यान राहायला हवा. तापमापक नसला तरी काच बोलते: ती काळी पडत असेल तर लाकूड ओले आहे किंवा तू आग कोंडते आहेस. चिमणी दरवर्षी तपासून घे, आणि पहिल्या वर्षी, अजून हात बसलेला नसताना, नाताळाच्या सुमारास एकदा मध्येच. थर एक अष्टमांश इंचाचा झाला की झाडायची वेळ आली.

राख काढताना झाकणाची धातूची बादली घे आणि ती घरापासून दूर, जमिनीवर किंवा दगडावर ठेव. लाकडी डेकवर नको, गॅरेजमध्ये नको, कागदी पिशवीत तर स्वप्नातही नको. वरून थंडगार दिसणाऱ्या राखेच्या पोटात निखारा कित्येक दिवस जिवंत राहतो. पणजी संध्याकाळी चूल राखेने झाकायची आणि पहाटे त्याच विस्तवावर चहा ठेवायची, हे मी रोज पाहिले आहे. गार झाल्यावर थोडी राख भाजीच्या वाफ्यात टाकायला हरकत नाही.

कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोलीजवळ लाव. या वायूला वास नसतो. तुझ्या नव्या घट्ट खिडक्यांमुळे आणखी एक गंमत होईल. पुऱ्या तळताना तू स्वयंपाकघरातला मोठा पंखा लावलास की तो घरातली हवा बाहेर फेकेल, आणि तिची भरपाई चिमणीतून खाली येणाऱ्या धुराने होऊ शकेल. तेव्हा जवळची एखादी खिडकी बोटभर उघडी ठेव, किंवा स्टोव्ह घेतानाच त्याला बाहेरून हवा आणणारी नळी जोडून घे. ओले हातमोजे आणि मोजे स्टोव्हवर वाळत घालू नकोस, हे तुला लहानपणापासून सांगत आलो आहे आणि तू कधीच ऐकलेले नाहीस.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही येतो. मी काटा आणि कुऱ्हाड घेऊन येईन, आई चिवडा आणेल. छपरावर मात्र मी चढणार नाही आणि तूही चढू नकोस. त्या दिवसासाठी चिमणीवाल्याची वेळ आजच घेऊन ठेव, कारण थंडी पडली की ते महिनाभर मिळत नाहीत. येण्यापूर्वी बैठकीच्या त्या भिंतीचे माप आणि मागे लाकडी चौकट आहे की वीट, एवढे कळव.

तुझा,
बाबा