कॅम्पर व्हॅनमधील डिझेल हीटरच्या धोकादायक जोडणीबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
छत्रपती संभाजीनगर

विषय: हीटरची सदोष जोडणी, उंचावरील वापराची सोय न देणे व फोनवरून दिलेला जीवघेणा सल्ला

महोदय,

वाळूजच्या तुमच्या वर्कशॉपमध्ये आम्ही आमची डिझेल व्हॅन कॅम्पर म्हणून बांधून घेतली. ऑर्डर देतानाच सांगितले होते की आईला घेऊन लेहला जायचे आहे, गाडीतच मुक्काम करायचा आहे आणि तिला थंडी सोसत नाही. कोटेशनवर तुमच्याच माणसाने ‘लडाख वापरासाठी’ असे लिहून दिले आहे. फर्निचर, पाण्याची टाकी, पलंग यांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार हीटरची आहे आणि ती आमच्या जिवाशी संबंधित आहे.

डिझेल हीटर मी विचार करूनच निवडला होता. तो गाडीच्याच टाकीतले डिझेल घेतो. 2 किलोवॉटचा हीटर पूर्ण जोरात चालला तरी तासाला पाव लिटरच्या आसपासच जाते. त्याचा जाळ बंद कप्प्यात असतो. जळणासाठी हवा बाहेरून येते, धूर बाहेर जातो आणि पंखा आतली हवा फक्त त्या तापलेल्या कप्प्यावरून फिरवतो. आतली हवा आणि धूर कुठेच एकत्र येत नाहीत, म्हणून माणसे झोपलेली असताना तो चालवता येतो. तुमच्या जोडणीने नेमकी हीच गोष्ट मोडली आहे.

धुराचा पाइप गाडीच्या कडेबाहेर काढायला हवा होता. तो तुम्ही स्लायडिंग दाराच्या बरोबर खाली, गाडीच्या फरशीखालीच संपवला आहे. सायलेन्सरचा जोडही नीट आवळलेला नाही. लेहमध्ये सकाळी दार उघडले तेव्हा दाराच्या खालच्या रबरावर आणि पायरीच्या आतल्या कडेला काजळीचा थर होता. बोट फिरवले की काळे होत होते. म्हणजे रात्रभर धूर फरशीखाली कोंडून दाराच्या फटीतून आत येत होता.

त्यात उंचीची भर पडली. आमची परभणी पाचशे मीटरच्याही खाली; लेह साडेतीन हजार मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे एक तृतीयांश कमी असतो. पंप मात्र तेवढेच डिझेल टाकत राहतो. हवा कमी आणि डिझेल तेवढेच, म्हणजे जळण अर्धवट, काजळी जास्त आणि कार्बन मोनॉक्साइडही जास्त. म्हणूनच उंचावर जाणाऱ्या हीटरला डिझेलचा पुरवठा कमी करणारी सोय द्यावी लागते. लडाखसाठी म्हणून विकलेल्या हीटरला ती दिलेली नाही, आणि गाडी ताब्यात देताना कोणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

या दोन गोष्टी एकत्र आल्या तर काय होते, याचा तुम्ही शांतपणे विचार करावा. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. त्याने डोके दुखते, मळमळते, गळून गेल्यासारखे होते. विरळ हवेनेही हेच होते. आईचे डोके रात्रभर दुखत होते आणि उंचीमुळे असेल म्हणून आम्ही तिला गरम पाणी देत राहिलो. गाडीत या वायूचा इशारा देणारा अलार्मही तुम्ही बसवलेला नाही. त्या रात्री बायकोने खिडकी थोडी उघडी ठेवायचा हट्ट धरला, म्हणून आज हे पत्र लिहिता येत आहे.

आता वायरिंग. माझे मोटार रिवायंडिंगचे दुकान आहे. कमी व्होल्टेजवर चालून जळालेल्या मोटारी आमच्याकडे बारा महिने येतात, त्यामुळे याबाबत मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. हीटर सुरू होताना त्याचा डिझेल पेटवणारा प्लग तापवायला 12 व्होल्टवर दहा अँपिअरच्या आसपास करंट लागतो. तुम्ही बॅटरीपासून तिथपर्यंत दीड स्क्वेअर एमएमची वायर ओढली आहे आणि मधला जोड नुसता पिळून त्याला टेप गुंडाळली आहे. प्लग तापत असताना मल्टिमीटर लावला तर बॅटरीवर 12.3 आणि हीटरच्या कनेक्टरवर 10.2 व्होल्ट. मग हीटर पांढरा धूर सोडून बंद पडणार नाही तर काय होईल? गाडीचे इंजिन चालू केले तरच तो पेटत असे.

तिथून तुमच्या सर्व्हिस इंजिनिअरला फोन केला. ते म्हणाले, इन्व्हर्टरवर रूम हीटर लावा, नाहीतर गॅसची शेगडी थोडा वेळ पेटवा. हजार वॉटच्या रूम हीटरला 12 व्होल्टच्या बॅटरीतून 80 अँपिअरच्या वर करंट लागतो. तुम्हीच दिलेली 150 अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नसेल तर तासभरही निघत नाही. आणि बंद गाडीत उघडी शेगडी? ती आतलाच प्राणवायू खाते आणि आतच कार्बन मोनॉक्साइड सोडू शकते. शिवाय एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते. ती थंड पत्र्यावर जमून अंथरुणावर गळते. सिलिंडरमधल्या ब्युटेनची शून्याच्या खाली नीट वाफही होत नाही. धूर बाहेर सोडणारे, बंद कप्प्याचे गॅस हीटर वेगळे असतात. इंजिनिअर त्यांच्याबद्दल बोलत नव्हते. हा सल्ला ते दुसऱ्या कुणालाही देत असतील तर कृपया आजच थांबवा.

माझी मागणी अशी. धुराचा पाइप दार-खिडक्यांपासून दूर, गाडीच्या कडेबाहेर काढावा. वायर योग्य जाडीची, मध्ये जोड नसलेली आणि फ्यूजसह टाकावी. उंचीवरची सोय व कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवावा, काजळी धरलेला जळणाचा कप्पा उघडून साफ करावा. हे सर्व तुमच्या खर्चाने, परभणीला माणूस पाठवून, आणि काम झाल्यावर माझ्यासमोर हीटर चालवून दाखवावा. हीच जोडणी करून दिलेल्या इतर ग्राहकांनाही तुम्ही स्वतःहून कळवावे. त्यांच्यापैकी कोणी या थंडीत निघणार असेल तर त्याला आधी हे समजले पाहिजे.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सदोष वस्तू व सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, त्यामुळे सुनावणी परभणीलाच होईल. दरम्यान हीटरचा फ्यूज मी काढून ठेवला आहे. तुमचा माणूस येईपर्यंत तो बसवणार नाही.

आपला ग्राहक,
परभणी

सोबत: कोटेशन व बिलाची प्रत, पाइप, काजळी व वायरच्या जोडाचे फोटो, मल्टिमीटरवरील मोजमापाचा व्हिडिओ.