अण्णा, तुम्ही ‘का ओढलीस’ असं कधीच विचारलं नाहीत

तीर्थस्वरूप अण्णा यांस,
सा. न. वि. वि.

मायना शाळेत शिकवला होता तसा घातलाय. तळमजल्यावरच्या माणसाला दुसऱ्या मजल्यावरून पत्र कसलं पाठवायचं, असं आमच्या घरातही म्हणाले. पण सिगारेट सोडवल्याबद्दल तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता. गेल्या दिवाळीत पेढे आणले, तर ‘पेढे कशाचे, पोरीचं लग्न जमलं का?’ म्हणत डबा काकूंकडे सरकवलात. पोरगी सहावीत आहे माझी. म्हणून चारचौघांत लिहितोय. इथं तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही.

वाचणाऱ्यांना माझी माहिती नाही, म्हणून थोडं मागचं सांगतो. आमचं गाव सिन्नरजवळ. आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखूचा चुरा, भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं ओल्या फडक्यात गुंडाळलेली. पत्र्याचा तुकडा पानावर धरून त्याच्या मापानं कात्री फिरवायची, चिमूटभर चुरा पसरायचा, बोटांत एक वळसा, तोंड मुडपायचं, दोऱ्याचा फेरा. हे सगळं शेजारणीशी बोलता बोलता, सुपाकडे न बघता. मजुरी हजारावर. संध्याकाळी माल द्यायला मी तिच्याबरोबर जायचो. तपासणारा त्यातल्या मूठभर ‘छाट’ म्हणून बाजूला काढायचा. त्या हजारात धरायचा नाही, आणि परतही द्यायचा नाही. आमच्या शाळेच्या फिया त्या सुपातून गेल्या.

त्यामुळे कुणी सिगारेट सोड म्हणालं की माझं उत्तर तयार असायचं: तंबाखूनं आम्हाला जगवलं, तिला नावं ठेवू नका. तुम्हालाही हेच ऐकवलं होतं, जिन्यात. तुम्ही विचारलंत, ‘आईनं वळल्या. ओढल्या का?’ आईनं उभ्या आयुष्यात एक ओढली नाही. चुऱ्याच्या खकाण्यानं खोकायची मात्र. मी गप्प वर गेलो, आणि वर जाऊन गॅलरीत एक पेटवली. तेही सांगून टाकतो.

नाशिकला अंबडच्या कारखान्यात मी सीएनसी मशिनवर सेटर आहे. एकोणीस वर्षं ओढली, दिवसाला दहा-बारा, तिसरी पाळी असली की जास्त. तीनदा सोडली होती. एकदा लग्नाआधी, एकदा पोरगी झाली तेव्हा, एकदा एकतीस मेला कारखान्यात तंबाखूविरोधी दिनाची शपथ घेतली तेव्हा. ही शपथ दुपारच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकली. पाकिटावरच्या भयानक चित्रांचा लोकांवर परिणाम होतो म्हणतात, होत असेल. मला पाकीट उलटं ठेवायची सवय लागली, एवढंच.

चार वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, निफाडकडे पारा उतरला की इकडे आपल्यालाही जे काकडायला होतं त्या दिवसांत, छातीत कफ झाला. डॉक्टर म्हणाले, आता पुरे. औषधं घेऊन येताना तुम्ही पार्किंगमध्ये स्टुलावर बसला होतात. शहाणपण शिकवाल म्हणून मी मान खाली घालून निघालो होतो. तुम्ही म्हणालात, ‘मी एसटीत एकतीस वर्षं कंडक्टरकी केली. डोक्यावर पाटी, धूम्रपान करण्यास मनाई आहे. आणि कसाऱ्याला गाडी थांबली की पहिली विडी माझी.’ मग म्हणालात, ‘नऊ वर्षं झाली. ये बस.’

त्या दिवशी तुम्ही माझं पाकीट मागितलंत. वाटलं, मोडून फेकणार. तुम्ही ते उलटं करून चष्मा लावलात आणि त्यावरचा १८००-११-२३५६ हा नंबर मोठ्यानं वाचलात. २०१८ पासून प्रत्येक पाकिटावर सोडण्याच्या मदतीचा हा नंबर छापलेला असतो. फुकट आहे. दिवसाला अर्धं पाकीट संपवणाऱ्या मला तो कधी दिसला नव्हता. तुमच्या समोर बसून फोन लावला. तिकडच्या बाईंनी सोडायची तारीख ठरवायला लावली, आणि नंतर त्यांचेच फोन येत राहिले. माझा समज होता की असल्या नंबरवर फक्त गाणं वाजतं.

पहिले तीन दिवस. अण्णा, त्यांच्याबद्दल लोक खरं सांगत नाहीत, तुम्ही सांगितलंत. तिसऱ्या दिवशी बायकोशी मिठावरून भांडशील, म्हणालात. मी हळदीवरून भांडलो. डॉक्टरांनी निकोटिनचा गम दिला होता, चार मिलिग्रॅमचा, कारण उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत माझी पहिली सिगारेट व्हायची. मी तो साध्या च्युइंगगमसारखा कचाकच चावला आणि उचक्या लागल्या. तुम्ही हसलात. ‘चघळायचा नाही रे. दोन-चारदा चाव, जिभेला झिणझिणलं की गालात सारून ठेव. तंबाखूचा बार धरतात तसा. चव गेली की परत चाव.’ आणि चहावर लगेच नको, पंधरा मिनिटं थांब, चहानं तो तोंडात नीट शोषला जात नाही. पुडीच्या आतल्या कागदावर हेच बारीक अक्षरात असतं. पण उदाहरण दिल्याशिवाय माझ्या डोक्यात शिरलं नाही.

चहाचं आणखी एक. आठवडाभर झोप लागेना. मला वाटलं, सिगारेटच हवी आहे शरीराला. तुम्ही डॉक्टरांना विचारायला लावलंत. ते म्हणाले, धुरामुळे लिव्हर कॅफिन भराभर निकालात काढतं. धूर थांबला की तोच चहा अंगात जास्त वेळ राहतो, म्हणून कप अर्धे करा. केले. झोप आली. पंधराव्या दिवशी खोकला उलट वाढला, तेव्हा मी घाबरलो. त्याचंही कारण त्यांनी सांगितलं: श्वासनलिकेतले बारीक केस इतकी वर्षं धुरानं लुळे पडलेले असतात, ते पुन्हा झाडायला लागतात. तुमची पद्धत मला तेव्हापासून कळली. तलफ आली की आधी घड्याळ बघायचं आणि नुसतं बसायचं. पाच मिनिटांत ती उतरते. उतरली नाही तर जिना उतरून तुमच्याकडे यायचं.

आता एक्केचाळिसाव्या दिवसाबद्दल. तिसरी पाळी. रात्री तीनला मशिनवर टूल आदळलं, महागातला जॉब, म्हणजे मशिनवर लावलेला भाग, स्क्रॅप झाला, साहेबांनी सगळ्यांदेखत झापलं. गेटसमोरच्या टपरीवर गेलो. सुट्टी सिगारेट विकायला राज्यानं २०२० च्या सप्टेंबरातच बंदी केलीय, पण रात्री तीनला टपरीवर कायदा नसतो. एक ओढली. सकाळी घरी जाताना वाटलं, गेलंच आता सगळं, आणि अख्खं पाकीट घेतलं. दोन दिवस तुमच्या दारासमोरून चोरासारखा गेलो. तिसऱ्या दिवशी तुम्हीच अडवलंत.

‘का ओढलीस’ असं विचाराल म्हणून मी उत्तर घोकून ठेवलं होतं. तुम्ही विचारलंत, ‘चढली कुठं?’

मला कळेना. मग तुम्ही समजावलंत: पॅसेंजर गाडीत बसलेला दिसतो, पण तो कुठल्या तरी थांब्यावर चढलेला असतो. थांबा सापडला पाहिजे. पाकिटाचा पुठ्ठा फाडून त्याच्या आतल्या पांढऱ्या बाजूवर तुम्ही रकाने पाडलेत, कंडक्टर तिकिटांचा हिशेब लिहितो त्या जुन्या वेबिलसारखे. वेळ, जागा, बरोबर कोण, पोटात काय. दोन दिवसांतल्या सगळ्या सिगारेटी आठवून भरायला लावल्यात. विचार करताना तुमचा अंगठा आणि बोट तिकिटाला पंच मारल्यासारखं हलतं, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. भरून झाल्यावर दिसलं की निम्म्याहून जास्त ओळींत पोट रिकामं होतं, आणि वेळ रात्री दोन ते चार. मी साहेबांच्या नावानं खडे फोडत होतो, आणि थांबा डब्याचा निघाला. तिसऱ्या पाळीचा डबा मी अकरालाच संपवायचो. तेव्हापासून अर्धी पोळी-भाजी अडीचला खातो, आणि खिशात फुटाणे. गेटबाहेर जायचंच नाही.

‘आता परत पहिल्यापासून मोजायचं का?’ मी विचारलं होतं. ‘एकेचाळीस दिवस काय कुणी परत मागायला येणार आहे?’ म्हणालात.

त्यानंतर आणखी एकदा घसरलो, चुलतभावाच्या हळदीत. ते इथं लिहीत नाही, पुठ्ठा तुमच्याकडे आहे.

पण हे पत्र मुळात या गोष्टींसाठी नाही. दीड वर्षापूर्वीच्या त्या सकाळसाठी आहे. तुम्ही परवानगी दिलीत म्हणून लिहितो. परवानगी म्हणजे, ‘लिही काय लिहायचं ते’ म्हणून टीव्हीचा आवाज वाढवलात.

तुमचे थोरले बंधू गेले. दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. सगळे एकेक करून कबुली देऊन आले, पोरांना सांभाळू, जमिनीचं नीट करू. दीड तास झाला, ऊन चढलं. कुणीतरी तुमच्या हातात विडी दिली. कुणी दिली, कुणी पेटवली, ते तुम्हाला अजून आठवत नाही. अकरा वर्षं आणि काही महिन्यांनी.

अकरा दिवस तुम्ही गच्चीवरच्या टाकीमागे जाऊन ओढत होतात. मी वर कपडे वाळत घालायला जायचो, मला थोटकं दिसली होती. वॉचमनची समजून झाडून टाकली. बाराव्या दिवशी सकाळी सहाला तुमचा फोन. ‘खाली ये. माझी चढलीय.’

मी खाली आलो आणि आयुष्यातलं सगळ्यात मूर्ख वाक्य बोललो. म्हणालो, ‘अण्णा, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.’

तुम्ही रागावला नाहीत. काडेपेटी स्टुलावर ठेवलीत आणि म्हणालात, ‘हे मी तुला कधी म्हटलं होतं?’

मग मी जमिनीवर बसलो. तुमच्याच पाकिटाचा पुठ्ठा फाडला, रकाने पाडले. माझे रकाने वाकडे आले. वेळ, जागा, बरोबर कोण. ‘बरोबर कोण’च्या रकान्यात अकराही दिवस ‘कुणी नाही’ लिहिलं गेलं. तुम्ही ते वाचलंत आणि बराच वेळ काहीच बोलला नाहीत. मग म्हणालात, चहा ठेव. काकू उठायच्या आत आपण दोघांनी अर्धा-अर्धा कप घेतला. त्या दिवसापासून ठरलं की गच्चीवर कुणीही एकट्यानं जायचं नाही. वर्षश्राद्धाला मी सुट्टी टाकून तुमच्याबरोबर रामकुंडावर आलो, खिशात लवंगा घेऊन. त्या दिवशी कावळा पाच मिनिटांत आला. त्याचं श्रेय मी घेत नाही.

अण्णा, आभार त्या फोनचे आहेत. तुम्हाला लपवता आलं असतं. मला शिकवणारा माणूस होतात तुम्ही. सोसायटीत सगळे तुमचं उदाहरण द्यायचे. उदाहरण टिकवायचं म्हणून आणखी सहा महिने टाकीमागे काढले असते तर कुणाला कळलं नसतं, आणि मीही झाडू मारत राहिलो असतो. तुम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या, स्वतःच दोनदा घसरलेल्या माणसाला फोन केलात. मी कुणाला मदत करू शकतो, हे मला त्या सकाळच्या आधी माहीत नव्हतं.

आता शुक्रवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये पाच-सहा स्टुलं लागतात. वॉचमनकाका विडी सोडतायत, तिसऱ्यांदा. समोरच्या इमारतीतल्या मावशी मिश्रीसाठी येतात. बायकांच्या मिश्रीला कुणी व्यसन म्हणतच नाही, ही त्यांची तक्रार, आणि ती रास्त आहे. तिसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा पोरगा व्हेपवाला. ई-सिगारेटला देशात २०१९ पासून बंदी आहे हे त्याला ठाऊक आहे, त्यानं काही अडलं नाही. एका बाबतीत मात्र माझं तुमच्याशी पटत नाही: नव्या माणसाला पहिल्याच दिवशी कसाऱ्याची सगळी गोष्ट सांगू नका. लांबते.

परवा मंगळवारी तो पोरगा जिन्यात तोंड लपवून चालला होता. मला लगेच कळलं, मीही त्याच जिन्यातून तसाच गेलोय. जीभ ‘का रे’ म्हणायला वळली होती. आवरली, आणि विचारलं, ‘चढली कुठं?’

तो म्हणाला, ‘सीबीएसला.’

खरंच सीबीएसला, एसटी स्टँडवर चढली होती, पुण्याची गाडी चुकली म्हणून. मी हसलो, मग तोही हसला. त्याच्याकडे पाकीट नसतं, त्यामुळे पुठ्ठ्याची पंचाईत झाली. माझ्या पोरीच्या वहीचं पान फाडून दिलंय. शुक्रवारी माझी दुसरी पाळी आहे, तो पान घेऊन तुमच्याकडे येईल. लाजतो, दार तुम्हीच उघडून ठेवा.

काकूंना नमस्कार.

आपला,
दुसऱ्या मजल्यावरचा

ता. क. त्या सकाळी स्टुलावर ठेवलेली काडेपेटी मी उचलून आणली होती, ती अजून माझ्या टूलबॉक्समध्ये आहे. काकू देवापाशी लावायला काडेपेटी सापडत नाही म्हणून दीड वर्ष घरभर शोधतायत, असं कळलं. तुमची हरकत नसेल तर ती त्यांच्या हातात देईन, तुमच्या नाही.