पाहुणे नाहीत हो ते, इथलेच आहेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थंडी पडली की आपल्या पेपरात दोन बातम्या हमखास येतात. एक म्हणजे निफाडचा पारा घसरला आणि दुसरी म्हणजे नांदूर मध्यमेश्वरला परदेशी पाहुण्यांचं आगमन. दोन्ही मी आवडीने वाचतो, कात्रणंसुद्धा ठेवलीयत. पण त्या दुसऱ्या बातमीतला 'परदेशी पाहुणे' हा शब्द मला बरेच वर्षांपासून खटकतोय, म्हणून हे पत्र.

मी याच तालुक्यातला, द्राक्षबाग आहे, डिसेंबर-जानेवारीत पहाटे बागेत शेकोट्या पेटवायला उठावंच लागतं, मग ते आटोपलं की गाडी काढून चापडगावच्या पक्षी बघायच्या मनोऱ्याकडे जायचं ही माझी जुनी सवय. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे, नांदूर मध्यमेश्वरला, इंग्रजांच्या काळातला दगडी बंधारा आहे, त्याच्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पाणी उथळ राहिलं, म्हणून तर एवढे पक्षी. १९८६ ला अभयारण्य झालं, २०२० मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झालं, हे सगळं आपल्या पेपरात येऊन गेलंय.

आता पाहुण्यांचं बघा. पांढरा धोबी सप्टेंबरअखेरीला बंधाऱ्यावर शेपटी हलवत फिरायला लागतो तो एप्रिलपर्यंत असतोच. तुतवार तर त्याच्याही आधी, पाऊस चालू असतानाच, ऑगस्टमध्ये काठावर दिसतो आणि मे जवळ आला तरी एखादा रेंगाळलेला असतो. म्हणजे वर्षातले सात ते नऊ महिने इथे आणि उत्तरेत जातात ते फक्त घरटं करून पिल्लं मोठी करण्यापुरते. मग घर कुठलं म्हणायचं? बाळंतपणाला माहेरी गेलेल्या बाईला आपण सासरची पाहुणी म्हणतो का?

आणि परदेशी म्हणाल तर तेही सरसकट खरं नाही. चक्रवाक आणि पट्टकादंब हंस लडाखच्या तलावांवरसुद्धा घरटी करतात, लडाख काय परदेश आहे? अर्थात सगळे तिथलेच असतात असं नाही, मंगोलियात गळ्यात नंबरचे पट्टे घातलेले पट्टकादंब कर्नाटकातल्या तळ्यांवर दिसलेले आहेत. हाच तो पक्षी जो हिमालय ओलांडताना ७,००० मीटरच्या वर उडाल्याची सॅटेलाइट टॅगवरून नोंद आहे. एवढं सगळं करून तो कुठे येतो तर आपल्या उसाच्या आणि हरभऱ्याच्या शेताशेजारी.

गेल्या जानेवारीत एका सकाळी धुकं होतं, दहा हातांवरचं दिसत नव्हतं, फक्त पाण्यातून चपचप असा एकसारखा आवाज येत होता. ऊन वर आल्यावर बघतो तर पंधरा-वीस थापट्या बदकं एकामागे एक गोल गोल फिरतायत, मान पाण्याला लावलेली, चोच पाण्यातून ओढत, पुढच्याने ढवळलेलं मागचा गाळून घेतोय. त्याच्या चोचीच्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात, त्याने पाण्यातले बारीक जीव अडकतात. अर्धा तास ते रिंगण काही मोडलं नाही. मग वरून दलदल ससाणा आला आणि सगळे वारकरी पक्षी एकदम पाणी उडवत एका जागी गोळा झाले, इतके दाटीवाटीने की काळी सतरंजी टाकल्यासारखं दिसत होतं, आणि थापट्यांनी फक्त थोडी जागा बदलली, काम चालूच.

त्याच दिवशी नऊच्या सुमारास चार-पाच जण कॅमेरे घेऊन थेट गाळात उतरले. बेटावर पट्टकादंब बसलेले, ते उठले, एक चक्कर मारून पलीकडे बसले, हे परत तिकडे. तीनदा उठवले. मी ओरडलो तर म्हणाले काका, उडतानाचा फोटो पाहिजे. अहो, या दिवसांत ते खातात ती पुढच्या उड्डाणाची शिदोरी असते, अंगात चरबी साठली नाही तर मार्चमध्ये निघणार कसे? पाहुणे म्हटलं की लोकांना वाटतं बघायला मिळाले पाहिजेत, आपल्यासाठीच आलेत. इथलेच म्हटलं तर कदाचित दारात शिरण्याआधी माणूस जरा थबकेल.

दुसरं म्हणजे फोटो. आपल्याकडेच नाही, सगळीकडेच बातमी बदकांची असली तरी फोटो फ्लेमिंगोचा. फ्लेमिंगो सुंदरच आहे पण नांदूरला खरा मान बदकांचा, तलवार बदक, गडवाल, थापट्या, चक्रवाक. नावं छापा, लोकांना ओळखायला लागतील. आणि पाण्याचंही लिहा. वरच्या धरणांतून आवर्तन सुटलं की बंधाऱ्यातली पातळी चढते आणि चिखलात चोच घालणाऱ्यांची उघडी जागा बुडते, उतरली की परत येतात. शेतीला पाणी हवंच, मी स्वतः त्याच पाण्यावर आहे, पण पक्षी कमी का दिसले याचं उत्तर पुष्कळदा तिथे असतं आणि बातमीत मात्र पक्ष्यांनी पाठ फिरवली एवढंच येतं. वरून शहराच्या सांडपाण्याबरोबर येणारी पाणवेल हा तर वेगळ्याच पत्राचा विषय आहे, ती काठ झाकून टाकते आणि त्याखाली काही उरत नाही.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून चालू आहे, तिच्यासाठी आपला वार्ताहर जरूर पाठवा, पण आकडा छापताना कुठल्या दिवशी, कुठून मोजला आणि पाणी किती होतं हेही द्या, नाहीतर यंदाचा आकडा मागच्याशी ताडून बघायचा कसा.

आणि एक विनंती. येतात त्याची बातमी दरवर्षी असते, जातात त्याची कधीच नसते. मार्चमध्ये एखाद्या संध्याकाळी चक्रवाक खूप वेळ ओरडत राहतात आणि सकाळी बेट रिकामं असतं. त्या दिवशीही चार ओळी छापा, तारखेसकट.

आपला एक जुना वाचक,
ता. निफाड, जि. नाशिक