‘ही अजून कापते’ : एका लोहारकाकांना जाहीर आभारपत्र

काका,
सप्रेम नमस्कार.

वडिलांच्या जुन्या कानशींपासून तुम्ही घडवलेल्या चारही सुऱ्या आता चार स्वयंपाकघरांत चालू आहेत. तुम्ही सांगितलेली मजुरी दिली, व्यवहार संपला. पण मजुरीत जे धरलंच गेलं नाही, त्याबद्दल चारचौघांत लिहायलाच हवं.

वडील फिटर. त्यांच्या पेटीत लोखंड घासायच्या सहा कानशी होत्या, तुमच्यापर्यंत पोचल्या पाच. सहावी एका वर्कशॉपवाल्याने दात न घासताच लाल केली आणि थेट गार पाण्यात बुडवली. कानशीच्या प्रत्येक दाताच्या बुडाशी बारीक खाच असते. पाण्यात पडताच पोलादात उठणारा ताण नेमका त्या खाचांत गोळा होतो. पातं आडवं तडकलं. वर ऐकवलं, ‘जुना माल असाच असतो.’ दुसऱ्याने एक कानस ग्राइंडरवर दाबून धरली आणि कड निळी करून टाकली. निळा रंग म्हणजे ताप 300 अंशांच्या आसपास गेला, कडकपणा उतरला. वरून कितीही पाणी ओता, तो परत येत नाही. पैसे दोघांनीही पूर्ण घेतले आणि खापर फोडलं पोलादावर. माल वाया गेला त्यापेक्षा याचा राग जास्त आहे.

तुम्ही भट्टी पेटवायच्या आधी पाचही कानशी दगडाला लावून ठिणग्या पाहिल्यात. आखूड, दाट, फुलबाजीसारख्या फांद्या फुटणाऱ्या ठिणग्या, म्हणजे आतपर्यंत भरपूर कार्बन. चांगल्या जुन्या कानशीत तो सव्वा टक्क्याच्या जवळपास असतो. काही स्वस्त कानशी आतून मऊ लोखंडाच्या आणि वरच्या कातडीपुरत्या कडक असतात. त्यांची सुरी धार धरत नाही. म्हणून तुम्ही एकीचं टोक मोडून आतला कण, म्हणजे पोलादाची दाणेदार रचनाही दाखवलीत : कडेपासून मध्यापर्यंत सारखा, बारीक, राखाडी.

मग पाचवी, दहा इंची चपटी, बोटाने चाचपलीत. तारेच्या ब्रशने दातांतला कीस काढलात, खडू फिरवलात, लोखंडाच्या तुकड्यावर दोन हात मारलेत आणि बाजूला ठेवलीत. ‘ही अजून कापते. हिला भट्टी नको.’

काका, सांगितलं होतं पाच सुऱ्यांचं. पाचांची मजुरी मिळाली असती आणि कुणाला काही कळलंही नसतं. तुम्ही स्वतःहून एक काम कमी केलंत. हत्यार जिवंत आहे की संपलंय, हे आधी बघावं, मग त्याला हात लावावा, एवढी साधी गोष्ट त्या दोघांना सुचली नव्हती. दुसऱ्याची वस्तू हातात घेताना तिचा मान राखणारा माणूस भेटला की अजून बरं वाटतं. तसे लोक आहेत. बहुतेकांना दुकानाची पाटीही नसते.

आणि ती कानस तुम्ही नुसती बाजूला ठेवली नाहीत. बाकीच्या चार लाल करून, लोहचुंबक धरेनासं झाल्यावर आणखी थोडा ताप देऊन कोरड्या राखेत रात्रभर पुरल्यात. सकाळी त्या मऊ पडल्या होत्या. दात पूर्ण घासून काढलेत, कारण दात ठेवून घण मारला तर ते आत दुमडतात आणि पात्यात न दिसणाऱ्या भेगा राहतात. मग सहा मिलिमीटरची जाडी ऐरणीवर तीनपर्यंत आणलीत. पिवळाधमक रंग येऊ दिला नाहीत. तिथे कार्बन जळतो आणि पोलादाचा कण फुगतो. आकार पुरा केलात तो त्याच पाचव्या कानशीने. मुठीच्या खिळ्यांची भोकंही पातं मऊ असतानाच पाडलीत. पाणी दिल्यावर, म्हणजे लाल पातं झटक्यात गार करून कडक केल्यावर, ड्रिल नुसतं घसरतं.

आपण ‘पाणी देणं’ म्हणतो, पण तुम्ही पाजलंत कोमट गोडेतेल. पाणी फार झटक्यात गार करतं, आणि इतक्या कार्बनचं पातळ पातं त्यात तडकतं नाहीतर वाकतं. तेलही थंड नको, पन्नास-साठ अंशांचं हवं. थंड तेल घट्ट असतं, पात्याला नीट भिडत नाही. धार आधी दीड मिलिमीटर जाड ठेवली होतीत आणि संध्याकाळी दिवा मालवून तापलेल्या पात्याचा रंग पाहिलात. मग पुन्हा तीच पाचवी कानस. पात्यावर ती काचेवरून जावी तशी घसरली, तेव्हा पाणी चढल्याचं नक्की झालं.

अशी सुरी फरशीवर पडली तर काचेसारखी फुटू शकते, म्हणून पाणी उतरवणं, म्हणजे बेताचा ताप देऊन ठिसूळपणा कमी करणं, आलं. 200 ते 210 अंश, दोन तास, आणि गार झाल्यावर पुन्हा दोन तास. चकचकीत घासलेल्या जागी फिकट पिवळा रंग आला की बस. निळी झालेली कानसही अशीच नव्याने लाल करून पाणी दिल्यावर परत उभी राहिली. ती वाया गेली असं धरलं होतं. शेवटी प्रत्येक धार पितळी सळीवर दाबून पाहिलीत. कड किंचित झुकून परत आली की ठीक. टवका उडाला तर अजून दहा अंश ताप द्यायचा, झुकलेलीच राहिली तर पाणी पुन्हा द्यायचं. चारांपैकी एकीचा टवका उडाला. तुम्ही न सांगता ती पुन्हा तापवलीत, नव्याने धार काढलीत आणि एक दिवस उशीर झाला म्हणून आमचीच माफी मागितलीत!

तुमच्या सूचना पाळतो आहोत. चिंच-लिंबू कापलं की लगेच धुऊन पुसायची, तेलाचं बोट फिरवायचं, ओली ठेवायची नाही. पाती काळसर होऊ लागली आहेत, तो गंज नव्हे हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत.

पाचवी कानस वडिलांच्या पेटीत तिच्या जागी आहे. तिची बाभळीची मूठ सैल झाली होती, हातात घेतली की फिरायची. तेलकट कागद उलगडला तेव्हा कळलं, तुम्ही तीही घट्ट बसवून दिली आहे. बिलात ती कुठे नव्हती.

तुमचे ऋणी,
चारही सुऱ्यांची घरं